डोस देण्यापूर्वीचा प्रश्न : परिचर्येच्या परीक्षेतील औषधशास्त्र



स्मृतिव्याख्यानासाठी परीक्षेसारखा विषय घ्यावा, आणि त्यातही औषधशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे कशी शोधावीत हा वरवर पाहता शिकवणीवर्गात शोभणारा विषय घ्यावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु परिचर्येच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना ज्याची सर्वाधिक धास्ती वाटते आणि ज्यातील चूक पुढे थेट रुग्णाच्या शिरेत उतरते, असा विषय हाच आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात तो तिसऱ्या आणि चौथ्या सत्रांत विभागलेला असला, तरी विद्यापीठाच्या परीक्षेबरोबर तो संपत नाही. एम्समधील भरतीसाठी २०२० पासून घेतली जाणारी नॉरसेट, राज्याच्या आरोग्य विभागाच्या आणि महापालिकांच्या भरती परीक्षा, अमेरिकेतील परवान्यासाठीची एन्क्लेक्स, ब्रिटनमधील नोंदणीसाठीची संगणकीय चाचणी, या सर्वांत तो पुन्हा भेटतो. एन्क्लेक्सच्या २०२३ च्या आराखड्यात औषधोपचार व शिरेवाटे द्यावयाचे उपचार या एकाच गटाला १३ ते १९ टक्के वाटा दिलेला आहे, म्हणजे साधारण सहा-सात प्रश्नांमागे एक प्रश्न औषधाचा.

मग रात्र रात्र जागून औषधांची यादी पाठ केलेला विद्यार्थी नेमका येथेच का अडखळतो? त्याचे कारण त्याच्या स्मरणशक्तीत शोधले जाते आणि म्हणून उपायही स्मरणशक्तीचेच सुचवले जातात. आद्याक्षरांचे मंत्र, रंगीत तक्ते, भिंतीवर चिकटवलेल्या याद्या. कारण मात्र निराळे आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याला परीक्षेत विचारले जाते की या रोग्याला कोणते औषध द्यावे. औषधनिर्माणाच्या विद्यार्थ्याला विचारले जाते की हे औषध कसे बनते, कसे टिकते आणि शरीरात त्याचे काय होते. परिचर्येच्या परीक्षेत औषध आधीच ठरलेले असते. ते केसपेपरवर लिहिलेले असते, भांडारातून आलेले असते आणि ट्रेमध्ये ठेवलेले असते. प्रश्न उरतो तो त्यानंतरचा : देण्याआधी काय पाहायचे, द्यायचे की थांबवायचे, कोणत्या वेगाने द्यायचे, दिल्यानंतर कशावर लक्ष ठेवायचे आणि घरी जाताना रुग्णाला काय सांगायचे. जो विद्यार्थी प्रश्न वाचताना ‘हे औषध म्हणजे काय’ असे मनाशी विचारतो, तो पाठांतराच्या डोंगरात शिरतो. जो ‘आत्ता या खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेने काय करायचे’ असे विचारतो, त्याला निम्मे उत्तर प्रश्नातच सापडते.

हे विधान तपासून पाहण्यासाठी डिगॉक्सिनचा एकच प्रश्न सावकाश वाचणे पुरेसे आहे. हृदयाचे आकुंचन जोमदार करणारे आणि ठोक्यांची गती कमी करणारे हे औषध. देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत आणि प्रौढ व्यक्तीत ते ६० पेक्षा कमी असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे, हा नियम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही पाठ असतो. आता प्रश्न असा येतो : हृदयविकाराचे ६८ वर्षांचे रुग्ण डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड या दोन गोळ्या घेत आहेत, दोन दिवसांपासून अन्नावर वासना नाही, मळमळते, नाडी मिनिटाला ६४, रक्तातील पोटॅशियम २.९. सकाळच्या डोसची वेळ झाली आहे. परिचारिकेने प्रथम काय करावे? पर्याय चार : नाडी ६० च्या वर असल्याने डोस द्यावा; डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे; रुग्णाला केळी खाण्यास सांगावे; मळमळीचे औषध देऊन अर्ध्या तासाने डोस द्यावा.

नियम पाठ असलेला विद्यार्थी येथे पहिला पर्याय निवडतो, कारण ६४ हा आकडा ६० पेक्षा मोठा आहे. प्रश्नकर्त्याने तो आकडा त्यासाठीच तेथे ठेवलेला आहे. मात्र डिगॉक्सिन हृदयाच्या पेशींवरील ज्या पंपाला चिकटते, त्याच पंपावर पोटॅशियमही आपली जागा घेत असते, आणि पोटॅशियम कमी झाले की ती जागा डिगॉक्सिनला अधिक मोकळी मिळते. फ्युरोसेमाइड लघवीवाटे पोटॅशियम घालवते. अन्नावरील वासना जाणे आणि मळमळणे ही तर डिगॉक्सिनच्या विषबाधेची पहिली चाहूल. ही तीन टोके जोडली की उत्तर एकच उरते : डोस थांबवावा आणि डॉक्टरांना कळवावे. केळ्यात पोटॅशियम असते हे खरे, पण २.९ हा आकडा केळ्याने भरून निघण्याची वाट पाहण्याजोगा नसतो. इंग्लंडमध्ये विल्यम विदरिंग यांनी ज्या वनस्पतीपासून हे औषध पुढे निघाले तिच्यावर १७८५ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा जास्त मात्रेने उलट्या होतात, नाडी मंद पडते आणि वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसू लागतात हे त्यांनी नोंदवून ठेवले होते. सव्वादोनशेहून अधिक वर्षे जुनी ही नोंद आजही परीक्षेत विचारली जाते, याचे कारण परंपरा हे नसून उपचारासाठी लागणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातील अंतर या औषधात आजही तितकेच चिंचोळे आहे, हे आहे. ज्या औषधांत हे अंतर चिंचोळे, त्यांवर प्रश्न हमखास येतात. डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन, वॉरफरिन, हेपॅरिन, इन्सुलिन, मॅग्नेशियम सल्फेट आणि पोटॅशियम क्लोराइड एवढी आठ औषधे ज्याने मुळापासून समजून घेतली, त्याने चारशे औषधे वरवर वाचणाऱ्यापेक्षा अधिक तयारी केली असे खुशाल समजावे.

दुसरा मुद्दा नावांचा. भारतीय वॉर्डात औषध बहुधा कंपनीच्या नावाने ओळखले जाते, तर परीक्षेत ते मूळ, म्हणजे बहुतेक देशांत समान असलेल्या नावाने येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये ठराव करून ज्या नामपद्धतीचा पाया घातला आणि जिची पहिली यादी १९५३ मध्ये निघाली, तिच्यात एका गटाच्या औषधांना शक्यतो एकच शेपूट दिले जाते. नावाअखेर ‘ओलॉल’ आले तर हृदयाची गती कमी करणारे बीटा रोधक, ‘प्रिल’ आले तर रक्तदाब उतरवणारा एसीई रोधक गट, ‘सार्टन’ हे त्याचे जवळचे नातलग, ‘डिपिन’ म्हणजे कॅल्शियमचा मार्ग अडवणारे, ‘प्राझोल’ म्हणजे जठरातील आम्ल कमी करणारे. न ऐकलेले औषध प्रश्नात आले तरी शेपटावरून गट, गटावरून कार्य आणि कार्यावरून दुष्परिणाम असा उलगडा करता येतो, आणि परीक्षागृहात याचा आधार फार मोठा असतो.

पण ‘कर’ लावलेल्या आडनावावरून मूळ गाव कळते, माणूस कळत नाही, तेवढाच या शेपटांचाही भरवसा धरावा. ‘स्टॅटिन’ने संपणारे अटोरव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉल कमी करते, तर त्याच शेपटाचे निस्टॅटिन तोंडातील बुरशीवर दिले जाते. पॅन्टोप्राझोल जठराचे, पण अरिपिप्राझोल मनोविकाराचे. ‘मायसिन’ हे शेपूट तर सर्वांत फसवे आहे : अॅझिथ्रोमायसिन, व्हॅन्कोमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही चार प्रतिजैविके चार निरनिराळ्या गटांतील आहेत, आणि ब्लिओमायसिन हे तर कर्करोगावरील औषध आहे. व्हॅन्कोमायसिन शिरेतून घाईने दिले की मान आणि छाती लाल होते, म्हणून ते किमान तासभर लावून सोडायचे. स्ट्रेप्टोमायसिनच्या रुग्णाला कानात आवाज येतात काय, हे विचारायचे. शेपूट एक आणि परिचारिकेचे काम निराळे. म्हणून शेपटांचा तक्ता पाठ करताना त्याच्या शेजारी अपवादांचा रकाना हवाच. ज्या मार्गदर्शकांत तो नाही, ती अर्धवट मार्गदर्शके होत, मग त्यांच्या कितीही आवृत्त्या निघालेल्या असोत.

यापुढील मुद्दा दुष्परिणामांचा, आणि येथे बहुतेक विद्यार्थी एक मूलभूत भेद विसरतात. एखाद्या औषधानंतर दिसणारी गोष्ट तीन प्रकारची असू शकते. ती अपेक्षित व निरुपद्रवी असेल, तर परिचारिकेचे काम धीर देण्याचे. ती त्रासदायक पण सांभाळता येण्याजोगी असेल, तर काम उपाय सुचवण्याचे आणि नोंद ठेवण्याचे. ती धोक्याची असेल, तर काम थांबवण्याचे व कळवण्याचे. प्रश्नात लक्षण दिले की ते यांपैकी कोठे बसते हे आधी ठरवावे, उत्तर त्यामागून येते. क्षयरोगाची औषधे हे याचे उत्तम उदाहरण आहे. रिफॅम्पिसिन सुरू झालेला रुग्ण घाबरून सांगतो की लघवी केशरी-लाल होते. हे अपेक्षित आहे, गोळी चालू ठेवायची. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात. त्यासाठी पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व दिले जाते. परंतु इथॅम्ब्युटॉल घेणारा रुग्ण म्हणाला की लाल आणि हिरवा यांतला फरक कळेनासा झाला आहे, तर तेथे धीर देणे हे चुकीचे उत्तर आहे, कारण दृष्टीच्या नसेला इजा होत असल्याची ती खूण असते आणि वेळीच औषध थांबवले नाही तर नुकसान कायमचे ठरू शकते. अशा प्रश्नाच्या चारही पर्यायांत औषधांची नावे अचूक असतात, लक्षणेही खरी असतात. चूक असते ती परिचारिकेच्या प्रतिसादात. प्रश्नकर्ता खिंडीत गाठतो तो येथे.

दुष्परिणाम पाठ करण्याऐवजी कार्यातून काढता येतात, याचे महाराष्ट्रातील उदाहरण द्यायचे तर ते रायगड जिल्ह्यातील महाडचे द्यावे लागेल. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले दगावत असत. विषामुळे शरीरातील उत्तेजक संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात आणि फुफ्फुसांत पाणी भरते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध या दंशावर वापरून दाखवले. हे औषध रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अल्फा ग्राहकांना अडवते, म्हणजे विष ज्या वाटेने घात करते ती वाटच बंद करते. आता परीक्षेच्या दृष्टीने विचार करावा. रक्तवाहिन्या एकाएकी सैल करणाऱ्या औषधाचा पहिल्या डोसनंतरचा धोका कोणता? रक्तदाब अचानक कोसळणे. मग परिचारिकेने काय करायचे? मुलाला आडवेच ठेवायचे, रक्तदाब आणि नाडी पुन्हा पुन्हा पाहायची, हातापायांना ऊब आली काय ते तपासायचे, आणि रडणाऱ्या मुलाला कडेवर उचलून घेण्याचा आईचा मोह आवरायला तिला समजावून सांगायचे. यातील एकही गोष्ट पाठ करावी लागत नाही. कार्य कळले की चौघी सख्ख्या बहिणींसारखी ही उत्तरे एकामागून एक हाती येतात. आणि ‘ओसिन’ गटातील दुसरे कोणतेही औषध वृद्धांच्या मूत्रमार्गाच्या तक्रारीसाठी दिलेले असले, तरी रात्री खाटेवरून सावकाश उठण्याचा सल्ला तेथेही तोच राहतो.

आता आकड्यांकडे वळावे. गणिताला भिऊन परिचर्येकडे वळलेल्यांची संख्या लहान नाही, आणि आकड्यांचा प्रश्न आला की तो सोडून पुढे जाण्याची सवय त्यातूनच लागते. ब्रिटनच्या चाचणीत तर आकडेमोडीचा स्वतंत्र भाग ठेवलेला आहे. सलाइनचे गणित फारसे अवघड नसते : एकूण मिलिलिटर गुणिले सेटचे प्रतिमिलिलिटर थेंब, भागिले मिनिटे. ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत, २० थेंबांच्या सेटने द्यायचे, तर दहा हजाराला २४० ने भागून ४१.६७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. थेंब अर्धा पडत नाही, म्हणून पूर्णांक. ६० थेंबांच्या मायक्रो सेटमध्ये तासाचे मिलिलिटर आणि मिनिटाचे थेंब सारखेच येतात, तेथे गणितच उरत नाही. यंग आणि क्लार्क यांची बालकांच्या मात्रेची सूत्रे पुस्तकांत अजून टिकून आहेत आणि एखाद्या प्रश्नपत्रिकेत डोकावतातही, परंतु वॉर्डात मात्रा प्रतिकिलो वजनावरूनच ठरते.

खरी गफलत एककांत होते, आणि त्याबाबत इन्सुलिनइतका बोलका नमुना दुसरा नाही. भारतात सरकारी रुग्णालयांतून मिळणारी इन्सुलिनची व्हायल बहुधा प्रतिमिलिलिटर ४० युनिटची असते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनमधील काडतुसे १०० युनिटची, आणि १०० युनिटच्या व्हायलसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आहेत. ४० च्या व्हायलमधून ४० च्याच सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध घेतले, तर अर्धा मिलिलिटर येतो आणि मात्रा बरोबर पडते. हातात नारिंगी टोपणाची सिरिंज आली आणि ४० च्या व्हायलमधून २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर येते ०.२ मिलिलिटर, म्हणजे अवघे ८ युनिट. उलट १०० ची व्हायल आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली, तर त्याच २० च्या खुणेला अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. अडीच पट मात्रा, आणि पहाटे घामाने निथळलेला, बेशुद्ध रुग्ण. खूण दोन्ही वेळा २० चीच आहे, नजर चुकलेली नाही, हातही चुकलेला नाही. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये १०० युनिट हेच प्रमाण असल्याने तेथील पुस्तकांत हा प्रश्न आढळत नाही, आणि आपल्याकडील विद्यार्थी तीच पुस्तके वाचत असल्याने आपल्याकडेही तो मागे पडतो. येथील खाटेवर रोज घडू शकणारी चूक परदेशी पुस्तकात नाही म्हणून येथील परीक्षेत नसावी, हा प्रकार विचित्र म्हणावा लागेल.

आकडेमोडीची पडताळणी करण्यासाठी एक सोपा नियम सर्वत्र शिकवला जातो : उत्तर दोन-तीन गोळ्या किंवा दोन-तीन अँप्युल यांच्या पलीकडे गेले, तर गणित चुकले असे समजून ते पुन्हा तपासावे. नियम चांगला आहे. दशांशचिन्ह सरकल्याने दहापट झालेली मात्रा तो पकडतो, आणि म्हणूनच ५ च्या पुढे बिंदू-शून्य लिहू नये व अर्ध्याच्या आधी शून्य अवश्य लिहावे ही शिस्तही त्याच्या जोडीने पाळायची असते. परंतु महाराष्ट्रातील एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या रात्रपाळीत हा नियम उलटा पडू शकतो. गरोदरपणातील झटक्यांसाठी, म्हणजे एक्लॅम्प्सियासाठी, मॅग्नेशियम सल्फेटची प्रिचर्ड यांच्या पद्धतीची पहिली मात्रा १४ ग्रॅमची असते : ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांच्या स्नायूंत खोलवर. आपल्याकडील ५० टक्क्यांच्या अँप्युलमध्ये २ मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम असते, तेव्हा अँप्युल फोडायच्या चौदा. कीटकनाशकाने विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला अॅट्रोपिन देताना ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्युल तीन ते पाचपासून सुरू होऊन दर पाच मिनिटांनी वाढत जातात, छातीतील घरघर थांबेपर्यंत. सर्पदंशाच्या प्रतिविषाची सुरुवातच साधारण दहा व्हायलने होते. पडताळणीचा नियम आंधळेपणाने लावणाऱ्याला ही तिन्ही उत्तरे चूक वाटतील, आणि ती तिन्ही बरोबर आहेत.

मॅग्नेशियमचा उल्लेख आला आहे तर त्यावरील दुसरा प्रश्नही पाहावा, कारण तो वर्षानुवर्षे विचारला जातो आणि वर्षानुवर्षे अर्धवट लिहिला जातो. पुढील प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी पाहायच्या : गुडघ्यावर हातोडीने मारल्यावर पाय उडतो काय, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत काय, आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते काय. विद्यार्थी तिन्ही लिहितात. का, हे लिहीत नाहीत. मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून लघवी घटली की ते साठते. साठले की आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो आणि त्याहून वाढले की श्वास बंद पडतो, म्हणजे गुडघा आधी इशारा देतो. हे ‘का’ माहीत असलेला विद्यार्थी ‘प्रथम काय तपासावे’ या प्रश्नात गोंधळत नाही, आणि उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेट खाटेशेजारी तयार हवे हेही त्याला आठवावे लागत नाही.

पर्यायांच्या डावपेचांबद्दल थोडक्यात बोलणे पुरे, कारण त्यांचे स्तोम गरजेपेक्षा जास्त माजले आहे. ‘नेहमी’ आणि ‘कधीही नाही’ अशा शब्दांचे पर्याय चूक असतात, असे वर्गावर्गांतून सांगितले जाते. औषधशास्त्रात हे धोक्याचे आहे. पोटॅशियम क्लोराइड शिरेत एकदम कधीही सोडू नये, हे विधान निरपवाद आहे आणि खरे आहे. १० मिलिलिटरच्या त्या अँप्युलमधील २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम सरळ सुईने सोडले तर हृदय थांबते. ‘डॉक्टरांना कळवावे’ हा पर्यायही कधी बरोबर तर कधी पळवाट असतो. परिचारिकेला स्वतः करता येण्याजोगे, तातडीचे काही शिल्लक असेल, उदाहरणार्थ ज्या सलाइनमधून अॅलर्जी सुरू झाली ते बंद करणे, तर ते आधी, मग कळवणे. अनेक बरोबर उत्तरे निवडायच्या प्रश्नात प्रत्येक पर्याय स्वतंत्र खरे-खोटे विधान म्हणून वाचावा आणि शेजारच्या पर्यायाशी त्याची तुलना करू नये. नॉरसेटमध्ये चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण वजा होतो. चारांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्या दोहोंतून निवड करणे फायद्याचे, चारही अंधारात असतील तर प्रश्न सोडणे बरे. एन्क्लेक्समध्ये मात्र उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि मागे वळताही येत नाही, तेथे सोडण्याचा हिशेबच संपतो.

रुग्णाला समजावून सांगण्याचे प्रश्न सोपे वाटतात आणि गुण घालवतात. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाने हिरव्या पालेभाज्या बंद कराव्यात, हा पर्याय भल्याभल्यांना ओढून घेतो. बरोबर उत्तर असे की मेथी-पालक रोजच्या आहारात जेवढे असेल तेवढे साधारण सारखे ठेवावे, कारण डोस त्या आहाराला जुळवून ठरवलेला असतो. एकदम बंद केले तर रक्त अधिक पातळ होईल, एकदम वाढवले तर गुठळीचा धोका. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर चालेल, आणि शौचाचा रंग काळा होईल हे गर्भवतीला आधीच सांगावे, नाहीतर ती घाबरून गोळ्याच टाकून देते. लिथियम घेणाऱ्या रुग्णाला नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात शेतावर घाम गाळावा लागत असेल, तर पाणी आणि मीठ यांची सोय कशी ठेवायची? शरीरातील सोडियम घटले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि विषबाधा होते, हे कार्य येथे उपयोगी पडते. या प्रश्नांची भाषा इंग्रजी असते आणि उत्तराची जागा मात्र मराठी असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांनी प्रश्न वाचताना मनातल्या मनात वॉर्डातील बोलीत तो स्वतःला विचारून पाहावा. ‘आजी, ही गोळी कशाबरोबर घेता?’ असे विचारणाऱ्याला उत्तर अधिक लवकर सापडते. इंग्रजी कच्चे असणे हा दोष मानला जातो, पण औषधाच्या प्रश्नात खाटेशी बोललेली मराठी हे त्या विद्यार्थ्यांचे भांडवल आहे, आणि ते वापरायला कोणी शिकवत नाही.

विद्यापीठाच्या आणि भरतीच्या प्रश्नपत्रिका काढणारे अनेक प्राध्यापक या सभागृहात उपस्थित आहेत. वर्गीकरण लिहा, दुष्परिणाम लिहा, टीप लिहा, असे प्रश्न तपासायला सोपे असतात आणि म्हणून ते टिकून राहतात. विद्यार्थी पाठांतराकडे वळतो तो या प्रश्नांमुळे, आळसामुळे नाही. या प्राध्यापकांना एवढीच विनंती करावीशी वाटते की पुढची प्रश्नपत्रिका काढताना तिच्यात किमान एक प्रश्न असा ठेवावा, ज्याचे बरोबर उत्तर ‘हा डोस आत्ता देऊ नये’ असे असेल, आणि किमान एक असा, ज्यात ४० युनिटची व्हायल आणि नारिंगी टोपणाची सिरिंज एकाच ट्रेमध्ये ठेवलेली असेल.